बंदुकीचा हक्क राज्यघटनेत : आयोवातली तीन वाक्यं

डे_मॉइनकर (धागाकर्ता)

मागच्या रविवारी आमच्या इथल्या (अमेरिकेत, आयोवा राज्यात) गटगला, म्हणजे गेट-टुगेदरला, जेवणं झाल्यावर गाडी बंदुकीवर घसरली. एकजण म्हणाला, "आयोवात आता घटनेतच लिहिलंय, कुणाच्या बापाला काही करता येणार नाही." दुसरा म्हणाला, "सेकंड अमेंडमेंट आधीपासून आहेच की. मग राज्याच्या घटनेत पुन्हा कशाला, कुंकवावर कुंकू?" (सेकंड अमेंडमेंट म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेतलं शस्त्र बाळगण्याच्या हक्काचं कलम.) दोघांनीही आयोवाची ती घटनादुरुस्ती वाचलेली नव्हती. मी वाचली होती, कारण नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलं मतदान म्हणजे नोव्हेंबर २०२२. नमुना मतपत्रिका आठवडाभर आधी छापून फ्रिजवर लावली होती. बायकोनं त्याच कागदाच्या मागं वाणसामानाची यादी लिहिली ते सोडा.

तर मजकूर तीन वाक्यांचा आहे. माझ्या मराठीत असा:

पहिलं: शस्त्र बाळगण्याच्या आणि जवळ वागवण्याच्या जनतेच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.
दुसरं: हा मूलभूत आणि व्यक्तिगत हक्क असल्याचं सार्वभौम आयोवा राज्य मान्य करतं.
तिसरं: या हक्कावरचं प्रत्येक बंधन 'स्ट्रिक्ट स्क्रुटिनी'ला पात्र राहील.

पहिलं वाक्य म्हणजे सेकंड अमेंडमेंटचंच शेपूट, फक्त मिलिशियाचं (नागरी सेनेचं) डोकं कापून. दुसरं वाक्य ते डोकं पुन्हा उगवू नये म्हणून. हक्क व्यक्तीचा की मिलिशियाचा हा वाद शंभरएक वर्षं चालला होता. २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो व्यक्तीचा ठरवला, पण ५ विरुद्ध ४ नं. २०१० च्या मॅकडॉनल्ड निकालात हा हक्क राज्यांवरही बंधनकारक केला, तोही ५-४ नंच. एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला तर? तेव्हा केंद्रातलं छप्पर उडालं तरी घरातली छत्री असावी, हा राज्यघटनेत लिहिण्यामागचा सरळ हिशोब. आयोवाच्या १८५७ च्या घटनेत असं कलमच नव्हतं. नसलेली राज्यं तेव्हा सहाच होती. आता पाच उरली: कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड आणि मिनेसोटा.

खरी मेख तिसऱ्या वाक्यात आहे. एखाद्या कायद्याला आव्हान मिळालं की तो कुठल्या चाळणीतून गाळायचा हे एरवी कोर्ट ठरवतं. साध्या कायद्याला रव्याची चाळणी: काहीतरी वाजवी कारण दाखवा, पास. मधली एक पिठाची. आणि स्ट्रिक्ट स्क्रुटिनी म्हणजे वस्त्रगाळ. सरकारनं सिद्ध करायचं की हेतू अत्यंत निकडीचा आहे, कायदा नेमका तेवढ्यापुरताच बेतलाय आणि याहून कमी जाचक वाट नव्हती. वंशावरून भेद करणाऱ्या कायद्यांना ही लावतात. त्यातून फार थोडं खाली पडतं. आयोवानं हे फडकं घटनेतच शिवून टाकलं, म्हणजे न्यायाधीशाला चाळणी निवडायची सोयच नाही.

मंजूर झाली ६५ टक्क्यांच्या आसपास मतांनी. माझं मत 'नाही' होतं. बंदुकीला नाही, तिसऱ्या वाक्याला. तुमचं काय म्हणणं?

शेंगदाणा_कूट

धागा वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: आयोवात मका आणि डुकरं. बंदूक नक्की कोणावर चालवतात? (ह. घ्या.)

कणसाळ_काकू

हलकं कसं घेऊ, वीस वर्षं इथं काढलीत! हरणांवर चालवतात. डिसेंबर उजाडला की शॉटगनचा सीझन. पेट्रोल पंपावर पहाटे सगळे नारिंगी जाकिटात. माझ्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये हरीण उलटं टांगलेलं असतं, खाली पुठ्ठा अंथरलेला, आणि हा बाबा बाजूला खुर्ची टाकून फुटबॉल ऐकत बसतो. पहिल्या वर्षी मी किंचाळले होते. आता नाताळात त्याच्याकडून हरणाची जर्की येते आणि माझ्याकडून करंज्या जातात.

मुद्दा असा, की इथं बंदूक म्हणजे फक्त टीव्हीवरचा राडा नाही. दुरुस्तीला मत देणारे बहुतेक असे गॅरेजवाले होते. 'तुमचा हक्क राखायचा का?' असं विचारल्यावर ते 'नाही' कशाला म्हणतील? तिसरं वाक्य कोणी वाचत बसलं नाही, डे_मॉइनकर. तुम्हीच एक फ्रिजवर लावणारे.

जर्सीची_सून

आमच्याकडं राज्यघटनेत काहीही नाही आणि कायदे मात्र देशातल्या कडकांपैकी. ओळखपत्र वेगळं, प्रत्येक हँडगनला परवाना वेगळा, बोटांचे ठसे, ओळखीच्या लोकांची नावं. जवळ बाळगायला तर पूर्वी 'समर्थनीय गरज' दाखवावी लागे, म्हणजे सामान्य माणसाला अशक्यच. ती अट सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या ब्रूएन निकालानं एका फटक्यात गेली. म्हणजे राज्यघटनेत नसूनही वरून आलंच की. मग आयोवानं एवढा आटापिटा का केला?

डे_मॉइनकर

जर्सीची_सून, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. यातली गंमत बघा. आयोवाच्या विधिमंडळानं 'स्ट्रिक्ट स्क्रुटिनी' लिहून मंजूर केलं २०१९ आणि २०२१ मध्ये. मतदान नोव्हेंबर २०२२ ला. आणि मधेच जूनमध्ये ब्रूएन आला. त्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, या चाळण्याबिळण्या बंदुकीच्या हक्काला लावूच नका. घटनेचा शब्द पाहा आणि असं बंधन देशाच्या इतिहासात, परंपरेत होतं का ते पाहा. म्हणजे आम्ही नवीकोरी चाळणी घटनेत बसवली आणि तिकडं दिल्लीनं, सॉरी, वॉशिंग्टननं चाळणीच रद्द केली. आता आयोवातल्या कायद्याला दोन परीक्षा: केंद्राची इतिहासाची, राज्याची वस्त्रगाळाची.

२०२२ लाच का, तर त्याला एक फार मानवी कारण आहे. इथं घटनादुरुस्ती लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी जशीच्या तशी मंजूर करावी लागते, मधे एक निवडणूक, मग जनमत. आणि मधल्या निवडणुकीच्या तीन महिने आधी तो मजकूर वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो. पहिली मंजुरी २०१८ ला झाली होती. ती जाहिरात द्यायची राहून गेली! राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (इथला निवडणुका पाहणारा अधिकारी) कार्यालयाची चूक, त्यांनी माफीही मागितली. पण घड्याळ शून्यावर. २०२० ला येणारं मतदान दोन वर्षं पुढं गेलं. एवढा मोठा हक्क आणि तो एका जाहिरातीवर अडला. आपल्याकडं कोर्टाच्या नोटिशीची जाहिरात खपाच्या नसलेल्या पेपरात देतात ते आठवलं.

रच्याकने (जाता जाता), याच घटनेच्या पहिल्या प्रकरणात पूर्वी एक कलम होतं: द्वंद्वयुद्धात भाग घेणाऱ्याला कायमची सरकारी पदबंदी. ते १९९२ ला काढलं. काकू, शेजाऱ्याशी भांडायला आता मोकळीक आहे.

कणसाळ_काकू

करंज्या कोण देईल मग त्याला?

मिझुरीचा_मन्या

मी आधी लुइझियानात बॅटन रूजला होतो, आता मिझुरीत सेंट लुईसला. दोन्हीकडं हे नाटक आयोवाच्या आधी होऊन गेलंय, त्यामुळं दुसरा अंक सांगतो.

लुइझियानाच्या जुन्या कलमात शस्त्राचा हक्क होताच, पण लपवून शस्त्र नेण्यावर कायदा करता येईल असं शेवटी जोडलेलं होतं. २०१२ ला ते शेपूट छाटलं आणि 'हक्क मूलभूत, कुठलंही बंधन स्ट्रिक्ट स्क्रुटिनीखाली' असं आणलं. सत्तर टक्क्यांहून जास्त मतं पडली. मी तेव्हा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर, मत नव्हतं, पण वर्गात प्राध्यापकानं सांगितलं होतं, "बघा, पहिला कोण येतो कोर्टात." पहिला कोणी आजोबांची शिकारी रायफल घेऊन आला नाही. आले ते गुन्हेगारीचे खटले चालू असलेल्यांचे वकील. शिक्षा झालेल्यानं बंदूक बाळगू नये हा कायदाच आता घटनाबाह्य, असं त्यांचं म्हणणं. २०१३ ला न्यू ऑर्लिन्सच्या एका न्यायाधीशानं ते मान्यही केलं! काही महिने सरकारी वकिलांची झोप उडाली. वर्षअखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ड्रॉटर खटल्यात तो निकाल फिरवला: शिक्षेखाली असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेणं वस्त्रगाळातूनही पार पडतं.

मिझुरीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये तेच. साठेक टक्के. इथं लिहिणारे जरा शहाणे, हिंसक गुन्ह्यातल्या दोषींवर बंधन घालता येईल असं मजकुरातच ठेवलं. तर खटले आले अहिंसक गुन्ह्यातल्या दोषींचे. खाली एकदोन ठिकाणी आरोप रद्द झाले, वर पुन्हा कायदा टिकला.

म्हणजे डे_मॉइनकर, तुमचं तिसरं वाक्य वाटतं तेवढं जहाल निघत नाही. न्यायाधीश फडकं घट्ट धरतात म्हणतात आणि हळूच बोटानं ढकलतात.

डे_मॉइनकर

मन्या, तेच तर मला खुपतं. बोटानं ढकलायचंच असेल तर वस्त्रगाळ कशाला लिहायचं? आणि समज एखादा न्यायाधीश प्रामाणिक निघाला, त्यानं खरंच घट्ट धरलं, तर उद्या घरगुती हिंसाचारात संरक्षण-आदेश असलेल्या नवऱ्याची बंदूक काढून घेणारा राज्याचा कायदा अडकेल की नाही? केंद्रात २०२४ च्या रहिमी निकालानं तसा केंद्रीय कायदा ८-१ नं उचलून धरला, पण तो इतिहासाच्या कसोटीवर. राज्याच्या फडक्यावर नाही. आणि अडकला तर तो सोडवायला पुन्हा दोन विधिमंडळं, एक जाहिरात (विसरली नाही तर) आणि जनमत. विधिमंडळाला साधा कायदा करून चूक दुरुस्त करायची वाटच ठेवली नाही, हा माझा आक्षेप.

सिंगलबेड_शेअरिंग

सर, मी एच-वन-बी (नोकरीच्या) व्हिसावर आयोवातल्या एम्स गावाजवळ आहे. ऑफिसातले लोक शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर बोलावतात. २०२१ पासून इथं परवान्याशिवाय जवळ बाळगता येतं आणि आता घटनेत 'जनतेचा हक्क'. मग आपल्याला पण लागू ना?

मिझुरीचा_मन्या

अरे थांब रे बाबा!! राज्यानं काहीही लिहिलं तरी केंद्राचा कायदा वेगळा चालतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. मुख्य अपवाद म्हणजे वैध शिकार-परवाना. आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हाही 'ताबा'च धरतात. दुकानातल्या फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो, तिथं खोटं खूण करणं हा आणखी वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. शनिवारी जा, बर्गर खा, कानाला मफ लावून उभा राहा. हात लावायचा तर आधी वकिलाला विचार, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

सिंगलबेड_शेअरिंग

बापरे. धन्यवाद दादा. बर्गरच खातो.

विधिज्ञ_नाशिक

चर्चा चांगली चालली आहे. आपल्या लोकांना वाटतं की हा विषय फक्त अमेरिकेचा. तो आपल्या घटना समितीतही आला होता.

१८७८ च्या व्हाइसरॉय लिटनच्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. त्याची जखम खोल होती. १९२८ च्या (मोतीलाल) नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क लिहिलेला आहे. कराचीचे अध्यक्ष वल्लभभाई. आणि डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी आजच्या कलम १९ च्या यादीत हा हक्क घालावा अशी दुरुस्ती मांडली, कराचीच्या ठरावाची आठवण करून देऊन. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. फाळणी होऊन जेमतेम सव्वा वर्ष, गांधीजींचा खून त्याच वर्षीच्या जानेवारीतला. सभागृहाची मनःस्थिती समजण्यासारखी आहे.

उलट आज कलम १९ मध्ये 'शस्त्र' हा शब्द येतो तो नकारात: शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. म्हणून आपल्याकडं परवाना ही सरकारची मेहेरबानी. एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता यायच्या, २०१९ च्या दुरुस्तीनं दोन केल्या, साध्या कायद्यानं. कुठलीही चाळणी लागली नाही.

शेंगदाणा_कूट

कामतांबद्दल माहीत नव्हतं. +१. बरं झालं फेटाळली म्हणा. आपल्याकडं हळदीत नाचताना हवेत बार काढणारे काय कमी आहेत? त्यांना घटनेचं बळ दिलं असतं तर!

देवगडचे_अण्णा

मी सहसा वाचूनच सोडतो, पण विधिज्ञांनी मेहेरबानी हा शब्द वापरला म्हणून लिहितो.

माझ्याकडं वडिलांपासूनची एकनळी बारा बोअर आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. कलमांची बाग कातळावर, खाली काजू, त्याच्याखाली भात. वानरांची टोळी आली की तासाभरात पन्नास पेट्यांचा आंबा चावून टाकते. खात नाहीत हो, चावतात आणि टाकतात. आम्ही मारायला बंदूक वापरत नाही, ते कायद्यात बसतही नाही, आवाज काढतो. फटाक्याला आता वानरं भीक घालत नाहीत.

२०२४ सालची गोष्ट. लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला. आंबा कुठे नुकता पाड लागायच्या बेताला. चौकीतून निरोप आला: बंदूक जमा करा. जमा केली. सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर बॉलपेननं नाव. आचारसंहिता उठली ६ जूनला, आंबा कधीच उतरलेला. बंदूक परत आली तर नळीत गंज, दस्त्यावर ओरखडा. घरात मशीनचं तेल होतं, शिलाईच्या, ते कापडाला लावून दोन दिवस घासली. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. भात कापणीला आलेलं, रात्री डुकरं. पुन्हा जमा. खंडेनवमी तीनच दिवस आधी झाली म्हणून तेवढी पूजा तरी घडली.

माझ्यावर आयुष्यात एक एनसी नाही. मतदानाला मी बंदूक घेऊन जाणार आहे का? पण विचारायचं कोणाला, परवाना त्यांचा.

तुमच्या त्या आयोवाच्या धाग्यात मला एवढंच कळलं की तिथं सरकारला कारण द्यावं लागतं. आम्हाला निरोप येतो.

कणसाळ_काकू

अण्णा, हे वाचून शेजाऱ्याला सांगितलं. त्याला 'जमा करा' हेच कळेना. तीनदा विचारलं, "म्हणजे परत विकत घ्यावी लागते?"

जर्सीची_सून

अण्णांबद्दल सहानुभूती आहेच. पण नाण्याची दुसरी बाजू आमच्या शाळेत दर काही महिन्यांनी लॉकडाउन ड्रिल (बंदूकधारी शिरला तर लपायची तालीम) असते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्यानं घरी येऊन दाखवलं होतं, टेबलाखाली आवाज न करता कसं बसायचं ते. डे_मॉइनकर, तुमच्याजवळच गोळीबार झालेली ती पेरी गावची शाळा आहे ना? जानेवारी २०२४?

डे_मॉइनकर

हो. चाळीसेक मैलांवर. ४ जानेवारी, सुट्टीनंतरचा पहिला दिवस. सहावीतला मुलगा त्याच दिवशी गेला, मुख्याध्यापक दहा दिवसांनी. गोळ्या झाडणारा सतराचा. घटनादुरुस्तीमुळं ते झालं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं लबाडीचं होईल. त्याच्या हातात हँडगन असायला तशीही मुभा नव्हती. पण नंतर काय झालं ते पाहा. एप्रिलपर्यंत विधिमंडळानं कायदा केला, तो शाळेतल्या कर्मचाऱ्यांना परवाना घेऊन शस्त्र बाळगू देणारा. उलट दिशेचा एखादा कायदा, समजा घरात बंदूक कुलपात ठेवण्याच्या सक्तीचा, कोणी मांडलाच तर त्याला पहिला प्रश्न तिसऱ्या वाक्याचा येणार. कायदा पडेल की टिकेल हा पुढचा भाग, मांडणाराच कचरतो.

आणि अण्णा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी 'नाही' मत दिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वस्त्रगाळ होतं. चाळणीच नसली तर काय होतं ते नव्हतं. रव्याची का होईना, एक हवी. १६ मार्चच्या त्या निरोपाला 'का?' एवढं तरी विचारता यायला हवं होतं. फक्त पहिली दोन वाक्यं मतदानाला आली असती तर मी काय केलं असतं, हे आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मिझुरीचा_मन्या

पहिल्या दोन वाक्यांचीही गॅरंटी नसते हं. कॅन्ससच्या घटनेत 'जनतेला शस्त्र बाळगण्याचा हक्क' १८५९ पासून होता. १९०५ ला सलायना गावात एक गडी दारू पिऊन रिव्हॉल्व्हर घेऊन फिरताना सापडला. कोर्टानं त्याच्या निमित्तानं ठरवून टाकलं की हा हक्क व्यक्तीचा नाहीच, मिलिशियाचा. एका बेवड्यापायी अख्ख्या राज्याचा हक्क शंभर वर्षं कागदावर राहिला! २०१० ला दुरुस्ती करून 'व्यक्ती' हा शब्द घातला, अठ्ठ्याऐंशी टक्के मतांनी. म्हणून आयोवाच्या दुसऱ्या वाक्यात 'व्यक्तिगत' आलंय, शोभेला नाही.

संपादक मंडळ

भारतातल्या निवडणुकांवरचे पक्षीय प्रतिसाद (दोन) काढले आहेत. विषयाला धरून लिहा.

विधिज्ञ_नाशिक

अण्णा, तुमच्यासाठी एक उपयोगाचं. सरसकट सगळ्या परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला लावू नयेत, जिल्ह्याच्या छाननी समितीनं प्रत्येकाची पार्श्वभूमी पाहून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. म्हणजे 'का?' विचारायची सोय अगदीच नाही असं नाही. आचारसंहिता लागताच समितीकडं लेखी अर्ज करायचा, शेतीसंरक्षणाचं कारण, सातबारा आणि परवान्याची प्रत जोडून. पोच घ्यायला विसरू नका.

देवगडचे_अण्णा

केला होता अर्ज, साहेब. सातबारा जोडून, पोच घेऊन. समितीची बैठक झाली आणि मला सूट मिळाल्याचं पत्रही आलं. तेव्हा आम्ही बागेत पाचोळा ओढत होतो, आंबा संपून पंधरा दिवस झाले होते.